आग्नेय कोपऱ्यातली फळी

फळीची कड शेजारच्या फळीपेक्षा शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर वर होती. डोळ्यांना ते दिसत नव्हतं. पायाला कळत होतं, तेही मोजे काढले तर. मी प्रयोगशाळेतून आणलेला व्हर्नियर दोन ठिकाणी लावून पाहिला, खात्रीसाठी तिसऱ्यांदा लावला आणि आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. एकवीस ऑगस्ट, गुरुवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

त्याच वहीत एक पत्र घडी करून ठेवलेलं होतं. ते बारा तारखेला घरी आलं होतं. घाटमाथ्यावरच्या एका भात संशोधन केंद्रात तीनशे अठरा गावठी वाणांचं बियाणं जमवून ठेवलेलं होतं आणि त्यातलं जिवंत किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते तपासायचं, जे उगवेल ते पेरून वाढवायचं, असं काम मला देऊ केलं होतं. मुदत तीन वर्षं, पंधरा सप्टेंबरपासून. राहायचं केंद्राच्या आवारात. होकार किंवा नकार तीस ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत फॅक्सने कळवायचा. मी तेव्हा परभणीच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत होते. नऊ वर्षं मी लोकांनी पाठवलेल्या पाकिटांतले दाणे ओल्या कागदावर मांडत होते आणि शंभरात किती उगवले ते लिहीत होते. हे काम मला हवं होतं. पण नऊ दिवस झाले तरी मी ते उपेंद्रला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं नव्हतं.

का, ते सांगायचं तर जमिनीपासून सुरुवात करावी लागेल.

उपेंद्र एका महाविद्यालयात ग्रंथपाल होता. त्याचे वडील तहसील कचेरीत होते आणि अठरा वर्षांत त्या कुटुंबाने बारा भाड्याची घरं बदलली होती. कुठल्या घराची फरशी शहाबादी होती, कुठल्या घराला शेणाचं सारवण होतं, हे तो अजून क्रमाने सांगू शकायचा. आम्ही वसमत रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा त्याने ठरवलं की दिवाणखान्याची जमीन कधीही उचलावी लागू नये अशी करायची. पुण्याला कुणाच्या तरी घरी त्याने लॅमिनेट पाहिलं होतं. सागवानासारखं दिसणारं, फळीला फळी अडकवून बसवलेलं. गुढीपाडव्याला ते आमच्याकडे आलं. पंधरा वर्षांची गॅरंटी होती. गॅरंटीची पुस्तिका सहा भाषांत होती आणि त्यात मराठी नव्हती, म्हणून उपेंद्रने दोन रविवार बसून तिचं भाषांतर केलं, टाईप करून घेतलं आणि बैठकीच्या दाराशी लावलं. एकूण चौदा नियम होते. पहिला नियम, पाणी हा लॅमिनेटचा शत्रू आहे.

सासूबाई गंगाखेडच्या, गोदाकाठी वाढलेल्या. त्यांनी चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "माणसाला चौदा नियम लावले असते तर संन्यास घेतला असता."

कांताबाई आमच्याकडे लादी पुसायला यायची. बादलीभर पाणी, टोपणभर फिनेल आणि ओणवं होऊन घेतलेला मोठा अर्धगोल हात, ही तिची पद्धत. उपेंद्रने तिला फडकं पिळून अर्धा मिनिट टांगून धरायला सांगितलं. त्या अर्ध्या मिनिटात एकही थेंब पडता कामा नये. पडला तर पुन्हा पिळायचं. पुसायचं ते फळीच्या लांबीच्या दिशेने आणि लगेच मागून कोरड्या फडक्याने टिपायचं. कांताबाईने तीन दिवस ते केलं. चौथ्या दिवशी फडकं माझ्या हातात दिलं. "वहिनी, मी घर पुसायले का लेकराला पावडर लावायले, मला काही समजना," म्हणाली आणि समोरच्या बिल्डिंगीतलं काम धरलं.

मग पुसणं माझ्याकडे आलं. यात माझाही दोष आहे, तो लपवत नाही. थेंब मोजण्याची पद्धत मला ढोबळ वाटली. मी फडकं स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवलं. कोरडं शहाण्णव ग्रॅम. पिळून एकशे चाळीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे पूर्ण दिवाणखान्याला चव्वेचाळीस ग्रॅम पाणी. उपेंद्रने हे ऐकलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते आमच्या लग्नातसुद्धा दिसलं नव्हतं.

पाच महिने सगळं नीट चाललं. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमद्याच्या चकत्या होत्या. पाहुण्यांसाठी दाराशी मोज्यांची टोपली होती. माझा चुलतभाऊ एकदा म्हणाला की तुमच्याकडे आलं की ऑपरेशनला आल्यासारखं वाटतं. उपेंद्रने ते कौतुक समजून घेतलं.

आणि आता आग्नेय कोपऱ्यातली, जेवणाच्या टेबलामागची फळी उठत होती.

शुक्रवारी शून्य पूर्णांक नऊ. शनिवारी एक पूर्णांक दोन. शनिवारी संध्याकाळी मी पत्र सांगायचं ठरवून चहा घेऊन बसले, तेवढ्यात उपेंद्रचा अंगठा त्या कडेला लागला. तो खाली बसला. तळहात फिरवला. मग त्याने आम्हा दोघींना समोर बसवलं.

चौकशी त्याने शांतपणे केली. गेल्या महिन्यात कुणाच्या हातून पेला, तांब्या, वाटी, काहीही कलंडलं का. मी वजनांची वही दाखवली. सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या हातून काही सांडलेलं नाही, आणि देवाशप्पथ म्हणाल्या. उपेंद्रने एका कागदावर तीन रकाने आखून आम्हा तिघांची नावं लिहिली होती. माझ्या आणि सासूबाईंच्या नावापुढे त्याने फुली मारली, मग थोडा विचार करून स्वतःच्या नावापुढेही मारली. म्हणजे कुणीच उरलं नाही. पत्र वहीतच राहिलं.

रविवारी त्याने फळीवर वजन ठेवायला सुरुवात केली. आधी महाविद्यालयातून आणलेले शब्दकोश, नंतर त्यांच्यावर पाटा. फळी सोमवारी दीड मिलिमीटरवर गेली. मग तो म्हणाला की मेलेलं वजन उपयोगाचं नाही, त्याला हालचालीप्रमाणे सावरणारं वजन पाहिजे, आणि खुर्ची तिथे ठेवून स्वतः बसला. पेपर तिथे वाचला. जेवण तिथे घेतलं. तो कामावर गेला की सासूबाई बसायच्या. मी साडेसहाला आले की मी.

"तुझं वजन किती?" त्याने मला विचारलं.

"बावन्न."

"आईचं?"

"माझं कशाला काढतोस," आतून सासूबाई म्हणाल्या. "मी बसते ते पुण्यासाठी. किलोसाठी नाही."

सोमवारी रात्रीच्या जेवणानंतर तो खुर्चीवर होता. मी समोर उभी राहून म्हणाले की मला काही सांगायचं आहे, महत्त्वाचं आहे, आत येतोस का. तो म्हणाला, इथेच सांग, मी उठलो की ती उठते. मी त्याच्याकडे पाहिलं. पाय जुळवलेले, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. बारा घरं सोडलेला माणूस तेराव्या घराची एक फळी बुडाखाली दाबून बसला होता. अशा माणसाला, मी तीन वर्षं इथे नसेन, हे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. मी म्हणाले की उद्या सांगते.

मंगळवारी एक पूर्णांक आठ. बुधवारी दोन. त्याने कंपनीला फोन केला.

कंपनीचा माणूस औरंगाबादहून येणार होता तो शनिवारी, तीस तारखेला. मी अर्धी रजा टाकली. फॅक्सचं दुकान सहाला बंद व्हायचं.

मुनीर सय्यद सकाळी अकराला आले. पन्नाशीचे, सडसडीत, हातात ब्रीफकेस. दाराशी त्यांनी टोपलीतले मोजे न सांगता उचलले आणि घातले. उपेंद्र तिथेच त्यांच्या प्रेमात पडला. त्यांनी चौदा नियम उभ्याने वाचले, दोन ठिकाणी मान हलवली आणि म्हणाले, "साहेब, वीस वर्षं या धंद्यात आहे. हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला मी पाहिलेला दुसरा माणूस तुम्ही."

"पहिला कोण?"

"ज्याने छापलं तो."

मग ते गुडघ्यांवर बसले. मी माझी वही पुढे केली. त्यांनी आकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या ओलावा मोजायच्या यंत्राचा डबा उघडला. दोन सुया फळीवर टेकवल्या. खिडकीजवळ आठ टक्के. मधोमध आठ. आग्नेय कोपऱ्यात काटा टोकाला जाऊन थांबला. मुनीरभाईंनी यंत्र झटकलं, पुन्हा टेकवलं. मग त्यांनी नाक फळीजवळ नेलं.

"ताई, तुम्ही बघा."

मी ओणवी झाले. वास मला ओळखीचा होता. मी रोज सकाळी उगवण कक्षाचं दार उघडायचे तेव्हा तोच वास यायचा. पण तो घरात कसा, हे माझ्या डोक्यात जुळेना.

"खाली पाइप आहे?" मुनीरभाईंनी विचारलं. उपेंद्र म्हणाला, नाही. "गटाराची लाइन?" नाही. "मग खाली आहे काय?"

मुनीरभाई एकेकाकडे बघत राहिले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "खाली देव आहे."

मुनीरभाईंनी फळीवरचा हात हळूच काढून घेतला.

हे त्यांना समजावून सांगावं लागलं. लॅमिनेट बसवलं त्याच दिवशी आमची वास्तुशांत होती. वास्तुपुरुषाची छोटी सोन्याची प्रतिमा पितळी डबीत घालून आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते, सोबत सात प्रकारचं धान्य, शेवाळ, फुलं. जुन्या फरशीत त्यासाठी खड्डा पाडून ठेवला होता. फिटर शेवटची फळी मांडीवर घेऊन मंत्र संपायची वाट बघत बसला होता. मंत्र संपले, डबी खाली ठेवली, तर ती चार मिलिमीटर उंच निघाली. फळी बसेना. खड्डा खोल करायचा तर धूळ उडणार, आणि बाकीची जमीन तयार झालेली. उपेंद्रने झाकण काढून पाहिलं. झाकणाशिवाय डबी बरोबर बसत होती. पाथ्रीकर गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले की झाकणाबद्दल शास्त्रात स्पष्ट असं काही नाही. फिटरने फळी ठोकून बसवली.

"म्हणजे दाणे उघडे," मी म्हणाले. ते मी स्वतःलाच म्हणाले.

मुनीरभाईंनी विचारलं की फळी काढायला कुणाची परवानगी लागेल का. उपेंद्रने गुरुजींना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. गुरुजी जिंतूरच्या एस.टी.त होते. त्यांनी दोनदा विचारलं की देव उचलायचा आहे की लाकूड. लाकूड म्हटल्यावर म्हणाले, नमस्कार करा, क्षमा मागा, आणि प्रतिमेला हात लावायचा नाही. "आणि कंपनीच्या माणसालाही नमस्कार करायला सांगा," म्हणाले. मुनीरभाईंनी फोनमध्ये वाकून सांगितलं, "केला गुरुजी."

त्यांनी भिंतीकडची पट्टी सोडवली, पात्याने फळी तिरकी केली आणि उचलून बाजूला ठेवली.

खाली बाग होती. वीतभर रुंद खड्ड्यात पांढरे, पिवळट कोंब एकमेकांत गुंतून आडवे वाढले होते, कारण उभं वाढायला जागा नव्हती. मुगाच्या माना वाकलेल्या, जवाची पाती फळीच्या बुडाला घासून वळलेली, मधे पितळेची कड आणि त्याखाली, मुळांच्या जाळ्यात, पालथा पडलेला इवलासा देव. त्याच्या पाठीवर हरभऱ्याचं एक मूळ टेकलं होतं.

उपेंद्र म्हणाला, "हे उत्पादनातल्या दोषात येईल का?"

मी ऐकत नव्हते. मी पोटावर आडवी झाले होते आणि मोजत होते. मूग अकरापैकी दहा. जव सातपैकी सहा. साळ नऊपैकी आठ. तीळ कुजलेले. राळा मोजता येत नव्हता. पाच महिने सिमेंटच्या खड्ड्यात, उन्हाळ्यासकट, आणि साळीची उगवण एकोणनव्वद टक्के. मी मुळांची लांबी पाहिली आणि मागे हिशेब केला. या दाण्यांना पाणी मिळून पंधरा ते अठरा दिवस झाले होते. त्याआधी ते कोरडे होते.

"पाणी तेरा-चौदा तारखेच्या सुमाराला सुरू झालंय," मी म्हणाले. "आणि रोज मिळालंय. थोडं थोडं."

मुनीरभाईंनी फॉर्म काढला होता. त्यात कारणाचे तीन रकाने होते. उत्पादनातला दोष, बसवण्यातला दोष, ग्राहकाचा निष्काळजीपणा. पेन तिसऱ्या रकान्यावर थबकलं.

"निष्काळजीपणा लिहू नका," सासूबाई म्हणाल्या. "रोज न चुकता घातलंय. एक पळी. दुपारी, नैवेद्यानंतर."

उपेंद्र त्यांच्याकडे वळला. "आई, तू शपथ घेतली होतीस."

"सांडलं नाही म्हणाले. सांडलं नाहीच. फटीत नेमकं सोडलं."

त्याने विचारलं, का. त्याचा आवाज चिडलेला नव्हता. लहानपणी एखादी वस्तू जुन्या घरी राहिली की ज्या आवाजात विचारत असेल तसा होता. सासूबाई खुर्चीवर बसल्या. सवयीने त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर, उघड्या खड्ड्याच्या अगदी कडेला. मी त्यांना हाताला धरून थोडं बाजूला सरकवलं.

"वास्तू तथास्तु म्हणते," त्या म्हणाल्या. "मग मागायचं ते त्यालाच मागावं म्हटलं. कोरड्या तोंडाने कसं मागायचं? पळीभर पाणी द्यायचे आणि सांगायचे."

"काय सांगायचीस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं. बारा तारखेला दुपारी मी प्रयोगशाळेत होते. पत्र त्यांनी घेतलं होतं. पाकीट उघडं होतं. मला वाटलं होतं, पोस्टात फाटलं असेल.

"सांगायचे, वैजूला भाताच्या केंद्रावर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "हिच्या तोंडून निघेना. तुला सांगायला माझी जीभ रेटेना. तू त्या खुर्चीवरून उठतोस कुठे? मग राहिला तो एकच."

उपेंद्रने विचारलं, कसलं केंद्र. मुनीरभाई उठू लागले. म्हणाले की मी खाली पान खाऊन येतो. सासूबाईंनी त्यांना बसवलं. "बसा हो. घरातलं माणूस असलं की हे दोघं बोलत नाहीत. परकं कुणी पाहिजेच."

मुनीरभाई बसले. फॉर्म त्यांच्या मांडीवर होता. मी वहीतून पत्र काढलं आणि उपेंद्रच्या हातात दिलं. त्याने ते ग्रंथपालासारखं वाचलं. आधी वरचा पत्ता, मग तारीख, जावक क्रमांक, मग मजकूर, मग सही. शेवटी पुन्हा तारखेवर आला.

"आज तीस," तो म्हणाला.

"हो."

"तीन वर्षं."

"हो."

त्याने पत्र घडीवर घडी घालून परत दिलं. मग तो खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला आणि त्या पांढऱ्या कोंबांकडे पाहत राहिला. खिडकीतून ऊन त्यांच्यावर येत होतं. उगवल्यापासून पहिल्यांदाच. मुनीरभाईंनी हळू आवाजात सांगितलं की हे बाहेर काढून खड्डा सुकवावा लागेल, आठवडा जाईल, नवी फळी ते स्वतः आणून बसवतील, गॅरंटीत नाही तर असंच. उपेंद्र म्हणाला, बरं. त्याने जवाचं एक पातं बोटाने सरळ केलं. ते पुन्हा वाकलं.

"आम्ही प्रत्येक घर सोडताना आई शेवटचा झाडू मारायची," तो खालीच बघत म्हणाला. "मी उंबऱ्यात उभा राहायचो. मला कधी कुणी विचारलं नाही."

"मलाही नाही," सासूबाई म्हणाल्या. "बारा घरं आवरली. एकही माझ्यासाठी सोडलेलं नव्हतं."

मुनीरभाई पेनाचं टोपण काढत आणि लावत होते. पावणेबारा झाले होते. उपेंद्रने मान वर केली. त्याच्या कपाळाला धूळ लागली होती.

"मी विचारतोय," तो म्हणाला. "तू काय ठरवलंस?"

मी अजून जमिनीवरच होते. कोपरं टेकलेली, एक हात खड्ड्याच्या कडेवर. उठून, हात धुऊन, नीट बसून सांगावं असं मला एकदा वाटलं. मग वाटलं की अठरा दिवस मी तेच करत आले आहे.

"मी हो म्हणणार आहे," मी म्हणाले. "आज फॅक्स करते. पंधरा सप्टेंबरला मी जाते."